मुलींची फी माफ झाली, मग पैसे कशाचे? खान्देशातल्या एका पालकाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, आम्ही चोपडा तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि थोडी दादर ज्वारी. जात कुणबी, मुलीचा दाखला ओबीसीचा. मुलीला बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटीत ८४ पर्सेंटाइल आहेत, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. सगळे म्हणतात की मुलींना फी माफ आहे. पण एका कॉलेजात चौकशी केली तर आधी पैसे भरा म्हणाले. पुण्याला पाठवावं का जळगाव-शिरपूरकडेच ठेवावं? धाकटा मुलगा दहावी झालाय, त्याला डिप्लोमाला टाकायचं आहे. दोघांचं कसं भागवायचं?"

भाऊ, खान्देशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. तुमच्यासारखे पालक जून ते मार्च त्या टेबलासमोर बसलेले असायचे. म्हणून आधी एक गोष्ट सरळ सांगतो. शिकवणी शुल्काचा प्रश्न सरकारनं तुमच्या मुलीपुरता जवळजवळ सोडवलाय. आता पोरं अडतात ती दोन ठिकाणी. एक, फीच्या आधी लागणारे कागद. दोन, फीच्या बाहेरचा खर्च, जो सप्टेंबरमध्ये करावा लागतो आणि सरकारकडून आला तर मार्चमध्ये येतो. कॉलेज निवडताना फीचा आकडा बघू नका, हे दोन बघा.

आधी फी. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी नियम बदलला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातली असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी हे ५० टक्के होतं. मुलांना अजूनही ५० टक्केच आहे, ते धाकट्याच्या वेळी बघू.

पण या माफीला दोन कुंपणं आहेत आणि बहुतेक पालक त्यातल्याच एकावर अडकतात. पहिलं, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला हवा. मे-जूनमध्ये कॉलेजांची माणसं गावोगाव फिरतात, "डायरेक्ट ॲडमिशन करून टाका, सीट संपतील" म्हणतात. ती सीट व्यवस्थापन कोट्यातली असते. तिथे सही केली की फीमाफी गेली, चारही वर्षांची. दुसरं कुंपण संस्थेच्या प्रकाराचं. शासकीय, अनुदानित, कायम विनाअनुदानित महाविद्यालयं आणि सार्वजनिक विद्यापीठांचे विभाग यांना योजना लागू आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. अलीकडे बऱ्याच नावाजलेल्या संस्था खासगी विद्यापीठ झाल्या आहेत. नाव जुनंच, कमान जुनीच, बसही तीच, फक्त पाटीवर 'विद्यापीठ' आलेलं असतं. पुण्याकडचं कॉलेज बघत असाल तर हे पहिल्यांदा तपासा. तसाही अशा ठिकाणचा प्रवेश बहुधा कॅपबाहेरूनच होतो, तेवढ्यावरून ओळखता येतं.

आता तुम्हाला "आधी पैसे भरा" का म्हणाले ते. कॉलेजची फी म्हणजे एक रक्कम नसते. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि त्यात शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं असतं. माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, अनामत, विमा, विद्यापीठाची पात्रता फी, ओळखपत्र, गणवेश, बस हे तुमच्याकडून घेतात आणि त्यातलं काही घेणं नियमात बसतंही. त्यामुळे 'फी माफ' म्हटल्यावर शून्य रुपये असं धरून जाल तर दारातच वाद होईल. काय करायचं? कॉलेजला बाबवार कागद मागा. प्राधिकरणानं त्या कॉलेजला मंजूर केलेली फी संकेतस्थळावर असते, ती शेजारी ठेवून ताडून बघा. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. अनामतीची पावती तर चार वर्षं जपा, ती परत मिळते आणि मागायला फार कमी जण येतात. शिक्षण शुल्कच आधी मागत असतील, "सरकारचं आलं की परत देऊ" म्हणत असतील, तर लेखी मागा आणि तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडे तक्रार करा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यांच्याकडे येतात. लेखी मागितल्यावर बऱ्याच मागण्या आपोआप विरतात, हा माझा अनुभव आहे.

कॉलेजची बाजूही सांगून टाकतो, कारण मी तिकडेच बसलो होतो. सरकारकडून फीची रक्कम कॉलेजला उशिरा येते, कधी पुढच्या वर्षात जाते. प्राध्यापकांचा पगार मात्र दर महिन्याला असतो. म्हणून कॉलेजं पालकांकडून जमेल तेवढं आधी काढायला बघतात. कारण समजतं, पण त्याचा बोजा चार एकर कोरडवाहूवाल्यानं का उचलायचा? नाही उचलायचा.

कागदांकडे येतो. खरी लढाई इथे आहे आणि तिची तयारी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास सुरू व्हायला हवी, निकाल लागल्यावर नाही. तुमच्या मुलीला तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर (मागास प्रवर्गातल्या सधन गटात नसल्याचा दाखला) आणि जात वैधता (जातीचा दाखला समितीनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र) लागेल. नॉन-क्रीमी लेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं पाहिजे. जुनं दाखवाल तर कॅपमध्ये तुमची मुलगी थेट खुल्या गटात जाते आणि ८४ पर्सेंटाइलला तो फरक मोठा पडतो. जून-जुलैत सेतू केंद्रांवर काय गर्दी असते तुम्ही पाहिली असेलच. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावा, तेव्हा तोही निवांत असतो.

जात वैधतेवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खान्देशात सगळ्यात जास्त पोरांचं नुकसान याच कागदानं केलंय. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. तुमच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, प्रवेश निर्गम उतारा, गाव नमुना १४ म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्याची नक्कल, जुनं खरेदीखत, जे असेल ते. तुमच्या भागातल्या जुन्या कागदांवर जिल्हा 'पूर्व खानदेश' असेल. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते, त्यातला पूर्व म्हणजे आजचा जळगाव. नंदुरबारकडच्यांच्या कागदावर तर एकाच घरात तीन नावं सापडतात: आजोबांच्या दाखल्यावर पश्चिम खानदेश, वडिलांच्या धुळे, मुलाच्या नंदुरबार, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. नवीन लिपिक कधी कधी यावर बोट ठेवतो. घाबरायचं कारण नाही. गाव आणि तालुका जुळतो हे दाखवा आणि अर्जासोबत तसं साधं स्पष्टीकरण जोडून द्या.

दुसरी अडचण जातीच्या नोंदीची असते. एका भावाच्या दाखल्यावर 'कुणबी', दुसऱ्याच्या दाखल्यावर 'मराठा', तिसऱ्याच्यावर 'हिंदू' एवढंच. ज्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळालीय, वडिलांकडच्या रक्तनात्यातला, त्याचं प्रमाणपत्र आणि वंशावळ जोडली तर काम फार हलकं होतं. भाऊबंदकीत बोलणं बंद असलं तरी या कागदापुरतं बोलणं चालू करा. चुलत्याकडून वैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स मिळाली नाही म्हणून सहा महिने अडकलेली प्रकरणं मी पाहिलीत, आणि भांडण काय तर बांधावरच्या निंबाचं.

वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करायचा असतो. तुमचा झाला नसेल तर आज करा आणि पोहोच पावती जपा. पावतीवर तात्पुरता प्रवेश आणि नंतर मुदत, अशी सवलत सरकारनं वेळोवेळी दिली आहे, पण तिच्या भरवशावर चार वर्षांचं शिक्षण टांगू नका.

हे वाचणाऱ्यांत आदिवासी घरांतलेही असतील, म्हणून त्यांच्यासाठी. अनुसूचित जमातीसाठी पुराव्याची तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे आणि पडताळणीची समिती वेगळी असते. अक्कलकुवा, धडगावकडच्या पाडवी, वळवी, पावरा कुटुंबांत जमातीबद्दल सहसा शंका नसते, पण १९५० पूर्वीचा कागद घरात कुठून असणार? शाळाच नव्हती. तिथे महसुली नोंदी, वनहक्काचे जुने कागद, नातेवाइकांची वैधता यावर भिस्त ठेवावी लागते. उलट तापीकाठच्या काही कोळी आणि ठाकूर कुटुंबांकडे कागद ढीगभर असतात, पण नोंदीत नुसतं 'कोळी' किंवा 'ठाकूर' लिहिलेलं असतं, त्यावरून ते अनुसूचित जमातीतलेच का हे ठरत नाही आणि प्रकरण समितीकडून कोर्टात जातं. हा वाद इथे सुटणार नाही. मी एवढंच सांगेन की प्रकरण लांबणार हे दिसत असेल तर प्रवेश त्याच एका दाखल्यावर अवलंबून ठेवू नका. खुल्या गुणवत्तेवर जिथे जागा मिळू शकते असे पर्यायही कॅपच्या यादीत भरा. नंतर दाखला फेटाळला गेला तर तिसऱ्या वर्षात प्रवेश धोक्यात येतो आणि घेतलेली सवलत परत मागतात.

आता नाव आणि जन्मतारीख. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, नाव आधारवरून येतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे 'भाऊसाहेब' आणि दुसरीकडे 'भाऊराव'. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेलं असतं आणि आधार काढताना १ जानेवारी. हे सगळं अर्ज भरायच्या आधी एका सरळ रेषेत आणा. आधार दुरुस्त करणं सोपं, बोर्डाचं प्रमाणपत्र दुरुस्त करणं कठीण. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे तसंच आधारवर करून घ्या.

बँक खातं. मुलीचं स्वतःचं, एकटीचं खातं हवं. शाळेतलं जुनं अज्ञान खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी करून ते बदलून घ्यावं लागतं, नाहीतर पैसे येऊन परत जातात. सरकार पैसे खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर पाठवतं आणि जे खातं शेवटी जोडलं तेच धरतं. २०२४ मध्ये लाडकी बहीणसाठी घरोघरी नवी खाती उघडली गेली. एकवीस वर्षांवरच्या ज्या मुली शिकत होत्या त्यातल्या कित्येकींची शिष्यवृत्ती मग त्या दुसऱ्याच खात्यात जाऊन पडली आणि त्या कॉलेजमध्ये येऊन भांडत राहिल्या. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत दिसतं. पोस्टमन आणून देतो ते इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं या कामाला पुरेसं आहे.

महाडीबीटीचा अर्ज साधारण कापूस वेचणीच्या हंगामात येतो. घरातले सगळे शेतात, मुलगी हॉस्टेलवर, आणि अर्ज 'सेंड बॅक' होऊन पडलेला, कुणी उघडून बघत नाही. ही सर्वात जास्त दिसणारी गोष्ट आहे. अर्ज भरून काम संपत नाही. तो आधी कॉलेजचा लिपिक तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. कुठेही त्रुटी निघाली की परत विद्यार्थ्याकडे येतो आणि मुदत चालूच असते. मुदतवाढ दरवर्षी मिळते असा सगळ्यांचा समज आहे. मिळते खरी, पण ती तुमच्या मुलीसाठी दिलेली नसते आणि शेवटच्या आठवड्यात ती वेबसाइट उघडून बघा म्हणजे कळेल. मुलीला सांगा, दर रविवारी लॉगिन करायचं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला तिचाच असू द्या. वडिलांचा नंबर जोडलेला, वडील शेतात, रेंज नाही, ओटीपीची वेळ संपली, हेही रोजचंच. आणि पैसे मंजूर झाल्यावर काही योजनांत विद्यार्थ्याला स्वतः पोर्टलवर जाऊन 'रिडीम' करावं लागतं, म्हणजे पैसे स्वीकारावे लागतात. ते न केल्यानं मंजूर पैसा तसाच पडून राहिल्याचं मी पाहिलंय.

एक आई दर आठवड्याला फोन करायची. "पैसा कवय येई, भाऊ?" तिला उत्तर देणं माझ्या हातात कधीच नव्हतं. म्हणून आता राहण्याखाण्याच्या पैशाबद्दल.

ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत ६० हजार, मधल्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार रुपये. पण एका जिल्ह्यात फक्त ६०० विद्यार्थी घेतात आणि बारावीचे गुणही बघतात. म्हणजे हक्क नाही, निवड आहे. आधी प्रत्येक जिल्ह्यात ओबीसींसाठी मुलींचं जे सरकारी वसतिगृह सुरू झालंय त्याला अर्ज करा, नाही मिळालं तर आधार योजनेला. दोन्ही अर्ज जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयाकडे. अनुसूचित जातीसाठी हीच सोय स्वाधार योजनेत आहे, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेत. स्वयंमसाठी यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा इथली प्रकल्प कार्यालयं. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

तुम्ही विचारलंत, पुणे का जळगाव. आता हिशोब मांडू. पुण्यात कॉट आणि मेस धरून महिन्याला आठ-दहा हजारांच्या खाली काही बसत नाही. वर्षाचे लाखभर. आधार योजना मिळाली तरी ६० हजार, आणि तेही वर्ष सरत आल्यावर. म्हणजे पहिल्या वर्षाचा सगळा खर्च तुम्हाला खिशातून करायचा आहे, कापूस काय भावानं जाईल हे माहीत नसताना. शिरपूर, जळगाव, धुळे इथे तोच खर्च निम्म्यावर येतो, आणि नड पडली तर शनिवारी मुलगी एसटीनं घरी येऊन डबा घेऊन जाऊ शकते. चोपड्याच्या पोरीला शिरपूर काय अन् जळगाव काय, दीड तासाचा रस्ता आहे.

माझं मत: ८४ पर्सेंटाइलवर पुण्याच्या चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणार नाही. जे मिळेल ते पुण्याच्या नावाखालचं तिसऱ्या फळीचं कॉलेज असेल. त्यासाठी वर्षाला लाखभर घालवण्यात अर्थ नाही. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर या गुणांना धरून चालू नका, पण इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल पर्यायात नक्की टाका. मुलींना ३० टक्के समांतर आरक्षणही असतं, त्यामुळे कटऑफ खाली येऊ शकतो. मागच्या वर्षीची कॅपची कटऑफ यादी घेऊन सगळ्या फेऱ्यांचे आकडे बघा. कॉम्प्युटरच हवं असेल तर शिरपूर, धुळे, बांभोरी, भुसावळ इथली खासगी कॉलेजं आहेत. तिथेही शिक्षण शुल्क माफच आहे, तेव्हा प्रयोगशाळा आणि प्लेसमेंटची खरी यादी बघून क्रम लावा. आणि एक पर्याय आपल्याकडचे लोक विसरतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आवारातच रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिथे केमिकलसोबत फूड, प्लास्टिक, पेंट, ऑइल असे विषय आहेत. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे पाइप बनतात, दालमिल आहेत, रावेर-यावलच्या केळीवर प्रक्रिया करणाऱ्याची कायम गरज आहे. कॉम्प्युटर म्हणजेच नोकरी असं सध्या प्रत्येक घरात धरून बसलेत, त्यात मला काही फारसं तथ्य दिसत नाही.

मुलीसाठी आणखी एक पैसा आहे, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती. तंत्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना वर्षाला ५० हजार, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर नाही. त्यामुळे कॉलेजचा लिपिक आठवण करून देईलच असं नाही. निवड गुणांवर होते. अर्जात दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नसल्याचं लिहून द्यावं लागतं, म्हणून आधार योजना आणि प्रगती यांतलं एकच धरा, आणि फीमाफीबरोबर ती कशी बसते ते कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला अर्जाआधी विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणार असेल तर प्रगतीची रक्कम आधार योजनेपेक्षा जास्त भरते.

अनुसूचित जातीच्या पालकांना एक इशारा. तुमच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (उत्पन्न अडीच लाखांपर्यंत) केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. मार्चमध्ये खात्यात अचानक रक्कम दिसते, घरात लग्न असतं, बियाण्याची तयारी असते, आणि ती खर्च होते. मग कॉलेज निकाल अडवतं. ते पैसे तुमचे नाहीत, तुमच्या हातून कॉलेजकडे जाणारे आहेत. मेसेज आला की दुसऱ्या दिवशी भरून पावती घ्या.

ज्यांच्या मुलांना इंजिनिअरिंग नको, शुद्ध विज्ञान आवडतं, त्यांच्यासाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे: बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्यानं बीएस्सी किंवा एकत्रित एमएस्सीला मूलभूत विज्ञान घेतलं तर वर्षाला ८० हजार. त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. जळगावचं मू. जे. किंवा अमळनेरचं प्रताप, कुठेही शिका. १ टक्का म्हणजे मोजकीच पोरं, पण त्यातलीही कित्येक अर्ज करत नाहीत कारण बीएस्सीला गेलेल्या पोराकडे घरातले 'इंजिनिअरिंगला लागला नाही' म्हणून बघतात.

आता धाकटा. डिप्लोमाला टाकताय, उत्तम. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि तिथली मूळ फीच खासगीच्या मानानं किरकोळ आहे. ओबीसी मुलगा म्हणून त्याला शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळेल. शासकीयला नंबर लागला नाही तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची योजना, विसरू नका. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, जात कोणतीही चालते, उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. कॅपच्या अर्जात त्याचा वेगळा कोड असतो, शेवटी 'टी' असलेला. तो पर्यायांत वेगळा भरावा लागतो. भरला नाही तर मिळत नाही. ही जागा घेतल्यावर मधे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, एवढं मात्र आधीच पक्कं समजून घ्या. पूर्वी या जागांसाठी मुलींची पण झुंबड असायची. आता मुलींना तशीही माफी आहे, त्यामुळे तुमच्या मुलीनं टीएफडब्ल्यूएससाठी खालच्या कॉलेजात जायचं काही कारण नाही. तो कोड धाकट्याच्या कामाचा आहे. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला की थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि नाही गेला तरी वरणगाव-भुसावळच्या आयुधनिर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, रेल्वे, एमआयडीसी इथल्या ॲप्रेंटिसशिपला तो पात्र असतो. दोन मुलांच्या घरात एकाचं शिक्षण तीन वर्षांत कमाईला लागणं, याचा हिशोब तुम्हीच करा.

एवढं करूनही पहिल्या वर्षाची फट राहतेच. ती सावकाराकडून भरू नका आणि शेत गहाण टाकूनही नाही. शैक्षणिक कर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून मागता येतं. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर, शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. तुम्हाला फीसाठी कर्ज नको, फक्त राहणं, पुस्तकं आणि लॅपटॉप, म्हणून रक्कम लहान मागा. लहान रकमेला बँक तारण मागत नाही. शाखेत "आमच्याकडे अशी योजना नाही" म्हणाले तर अर्ज ऑनलाइनच टाका, नाकारायचं असेल तर त्यांना कारण लिहावं लागतं.

शेवटी नूतनीकरण. शिष्यवृत्ती आणि माफी एकदा मिळाली म्हणजे चार वर्षं मिळाली असं नाही. दरवर्षी अर्ज, दरवर्षी उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाचा निकाल, हजेरी. पहिल्या वर्षी सगळं घर धावतं, दुसऱ्या वर्षी कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्या टेबलावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्याच असायच्या. उत्पन्नाचा दाखला तर दर एप्रिलमध्ये, सात-बारा काढायला जाता त्याच फेरीत दोन्ही पोरांचा काढून घ्या, आणि मूळ प्रती घरी ठेवून हॉस्टेलवर फक्त स्कॅन द्या.